जबडा अचानक आखडला, तर आधी गोळ्यांची स्ट्रिप शोधा

आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

गेल्या पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक काका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आले. मागे आई तिला धरून बसलेली. मुलीचा जबडा एका बाजूला ओढला गेला होता, मान खांद्याकडे वळलेली, डोळे वर लागलेले. जीभ आत घेता येत नव्हती. तरी नाव विचारल्यावर तिने अडखळत का होईना, बरोबर सांगितलं. ती पूर्ण शुद्धीवर होती. ‘बाहेरचं काही असेल का’ ही मोठ्या माणसांची कुजबुजही तिच्या कानावर पडत होती. आईच्या पिशवीत उलटीच्या गोळ्यांची स्ट्रिप निघाली, त्यातल्या दोन गोळ्या संपलेल्या. ती स्ट्रिप घेऊन त्यांना लगेच दवाखान्यात पाठवलं. तिथे इंजेक्शन मिळालं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली.

उलटी थांबवणाऱ्या काही औषधांनी असं होऊ शकतं. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही त्यातली नेहमीची नावं. मानसिक आजारावरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनीही होतं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. स्नायू कधी आवळायचे, कधी सैल सोडायचे, याचा मेळ त्याच्यामुळे राहतो. ही औषधं त्याचंच काम अडवतात. मग जबडा, जीभ, मान, डोळे यांचे स्नायू आपोआप आवळतात, थोडे सैल होतात, पुन्हा आवळतात. डॉक्टर याला डिस्टोनिया म्हणतात. लहान मुलं आणि तरुण यांच्यात हे जास्त दिसतं. बहुतेक वेळा औषध सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत, कधी चार-पाच दिवसांनी. दिसायला भयंकर असलं तरी वेळेवर उपचार मिळाले तर माणूस पूर्ण बरा होतो.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: अशा वेळी गेल्या चार-पाच दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध दवाखान्यात सोबत न्या. नुसती चिठ्ठी पुरत नाही. शेजाऱ्याने दिलेली एखादी गोळी चिठ्ठीवर नसते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, डॉक्टरांना तेच हवं असतं. गोळी कापून घेताना आम्हीही नाव असलेला भाग तुमच्याकडेच राहील असं बघतो. राहिला नाही, तर हक्काने मागा.

संशय येताच ते औषध पुढे घेऊ नका आणि तसं डॉक्टरांना सांगा. मानसिक आजाराचं औषध असेल तर ते परस्पर कायमचं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जबडा जोर लावून उघडू नका. दातांत चमचा घालणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं यातलं काहीही नको. रुग्णाला कुशीवर झोपवा आणि त्याच्याशी बोलत राहा, त्याला सगळं कळत असतं. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर थेट १०८. इंजेक्शनने बरं वाटल्यावर डॉक्टर पुढच्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्या देतात. त्या पूर्ण घ्या, कारण हा त्रास उलटू शकतो.

दातखीळ म्हटलं की जुन्या माणसांना धनुर्वात आठवतो, आणि ती भीती खरी आहे. खिळा, विळा, काटा किंवा शेणामातीतली जखम झाल्यावर साधारण 3 ते 21 दिवसांत जबडा घट्ट होऊ लागतो. घास गिळवत नाही, मग मान आणि पाठ ताठ होते. एकदा आलेला ताठरपणा मधेच जात नाही, उलट दिवसागणिक वाढतो. असं दिसलं तर घरी एक रात्रही काढू नका, मोठ्या रुग्णालयात जा. मोठ्यांनीही दर 10 वर्षांनी धनुर्वाताची लस घ्यायची असते. जखम मातीने भरलेली असेल आणि शेवटची लस 5 किंवा जास्त वर्षांपूर्वीची असेल, तर 10 वर्षं व्हायची वाट न बघता घ्यावी लागते.

तोंड एका बाजूला लोंबलं, हात उचलत नाही, शब्द जड येतात, ही पक्षाघाताची लक्षणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता, ती वेळ लिहून घ्या. जबड्यात कळ, सोबत घाम आणि छातीवर दाब असेल, तर हृदयाचा विचार आधी.

ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, हाताला पेटके, हे कॅल्शियम कमी झाल्याने होतं, विशेषतः थायरॉइडच्या ऑपरेशननंतर. घाबरून भराभर श्वास घेतल्यानेही होतं. तेव्हा तोंडाला पिशवी लावू नका, श्वास हळू सोडायला सांगा.

रोज सकाळी जबडा दुखत असेल, कानापाशी कटकट वाजत असेल, तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते. कोमट पाण्याचा शेक, चार दिवस मऊ भात-वरण, जांभई देताना हनुवटीखाली मूठ, एवढ्याने बराच आराम पडतो. नाही पडला, तर दंतवैद्याकडे जा. जांभई देताना तोंड उघडंच अडकलं तर ओळखीच्या कुणाकडून दाबून घेऊ नका. आणि गुटखा-सुपारी खाणाऱ्यांनो, तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर तोंड आतून आखडत चाललं आहे. त्यावर आमच्याकडे मलम मागू नका, तोंड तपासून घ्या.

या पत्रकाच्या मागच्या बाजूला एक रिकामी चौकट आहे. घरात कुणाला कोणतं औषध सोसलं नाही, ते तिथे पेनने लिहा आणि पत्रक औषधांच्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी उलटीची गोळी मागायला याल तेव्हा आम्ही आधी तेच विचारणार आहोत.