गोदाम जर्मनीत, पण किल्ली कुणाकडं?

माझ्या मामेभावाची लातूरला छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. पेशंटचे रिपोर्ट आता ऑनलाईन द्यायचेत म्हणून महिनाभर तो एकच विचारायलाय, "दादा, सर्व्हर युरोपातला घेऊ का? तिकडं डेटाचा कायदा लै कडक आहे म्हणं." कडक आहे हे खरंच. तिकडचा हा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ ला लागू झाला, आणि मोठी गडबड केली तर २ कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत दंड बसू शकतो. पण मशीन युरोपात आहे म्हणजे काम झालं, असं नाही.

सोयाबीनचं बघा. माल लातूरच्या गोदामात ठेवलाय, पण गोदामाचा मालक इंदूरचा. आता घटकाभर समजा इंदूर वेगळा देश आहे. तिथल्या कोर्टानं मालकाला सांगितलं की उघड गोदाम, तर तो लातूरचा कायदा बघंल का स्वतःची मान वाचवंल? अमेरिकेत असंच झालं. २०१३ ला तिथल्या सरकारनं मायक्रोसॉफ्टकडं एका खात्याचे ईमेल मागितले, ते होते आयर्लंडमध्ये डब्लिनला, कंपनी नाही म्हणली, भांडण पार सुप्रीम कोर्टात गेलं आणि निकाल यायच्या आधीच मार्च २०१८ मध्ये क्लाऊड अ‍ॅक्ट नावाचा कायदा आला. डेटा कंपनीच्या ताब्यात असंल तर रीतसर आदेश आल्यावर द्यावा लागंल, मग तो जगात कुठंबी ठेवलेला असो. जून २०२५ मध्ये फ्रेंच सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं, फ्रान्सचा डेटा असा कधीच जाणार नाही याची गॅरंटी देता का, तर तो नाही म्हणला.

म्हणून आधी मालक कुठला ते बघायचं. जर्मनीची हेट्झनर, फ्रान्सच्या ओव्हीएच आणि स्केलवे, फिनलंडची अपक्लाऊड, या तिकडच्याच कंपन्या. त्यातबी हेट्झनरचे सर्व्हर न्यूरेंबर्ग, फाल्केनश्टाइन, हेलसिंकीत आहेत तसे अमेरिकेत आणि सिंगापूरलाबी आहेत, तवा घेताना लोकेशनवर नजर ठेवा, नाहीतर हौसेनं युरोपची कंपनी घ्यायची आणि डेटा जायचा तिसरीकडंच.

आता खरी गोष्ट किल्लीची. सगळे म्हणतात आमच्याकडं डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद असतो, पण कुलूपबी त्यांचं आणि किल्लीबी त्यांचीच, मग उपयोग काय? आपल्या कॉम्प्युटरवरच कुलूप लावून मग फाईल पाठवली तर कंपनीकडं निस्ता गिचमिड मजकूर राहतो. एईएस-२५६ नावाच्या अशा कुलपाला किती वेगवेगळ्या किल्ल्या असू शकतात, तर तो आकडा ७८ आकडी आहे, एकेक लावून बघत बसण्यात अर्थ नाही. मात्र हे जमतं बॅकअपला आणि साठवून ठेवलेल्या रिपोर्टला. चालू डेटाबेसला नाही, कारण पेशंटचं नाव शोधायचं म्हणलं की सर्व्हरला डेटा मेमरीत उघडावा लागतो, आणि साध्या भाड्याच्या सर्व्हरची मेमरी ज्याचं मशीन आहे त्याला वाचता येते. तिथं शेवटी विश्वास आणि कायदा, दोनच गोष्टी कामाला येतात.

अंतराचाबी हिशोब आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला किमान ६५ मिलिसेकंद, आणि केबल काय सरळ जात नाही, समुद्रातून वळसे घालत जाते. एका फेरीला काही कळत नाही, पण सॉफ्टवेअर एक पान उघडायला वीस फेऱ्या मारणारं असंल तर काउंटरवरची पोरगी वैतागतेच.

आपला स्वतःचा डेटा कायदा २०२३ चा आहे. सरकारनं एखाद्या देशावर बंदी घातली नसंल तर त्यात डेटा बाहेर ठेवता येतो, पण पेशंटला उत्तर द्यायचं ते लॅबवाल्यालाच, जर्मनीच्या कंपनीला नाही. आणि बॅकअप दुसऱ्या गावात ठेवा बरं का. १० मार्च २०२१ ला ओव्हीएचच्या स्ट्रासबर्गमधल्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, ज्यांचा बॅकअप तिथंच होता त्यांचा तोबी गेला.

भावानं शेवटी हेलसिंकीला सर्व्हर घेतला, बॅकअप घरूनच कुलूप लावून दुसऱ्या कंपनीकडं जातो. परवा विचारायलाय, "किल्ली हरवली तर कस्टमर केअरला फोन करायचा ना?" म्हणलं, अरे बाबा, त्यांनाबी उघडता येत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. आता ती किल्ली कागदावर उतरवून मामीच्या कपाटात, शेताच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय.