स्वेडचे रेट्रो ट्रेनर : निवड आणि पेहराव

रेट्रो ट्रेनर म्हणजे साधारण १९६० ते १९८०च्या दशकांत खेळाडूंसाठी घडवलेले, स्वेड कातड्याचे आणि सपाट रबरी तळाचे बूट, तसेच त्याच नमुन्यांवरून आज पुन्हा काढले जाणारे जोड. प्यूमाचे ‘स्वेड’ व ‘क्लाइड’, आदिदासचे ‘गॅझेल’, ‘कॅम्पस’ आणि ‘हँडबॉल स्पेझिआल’ हे या प्रकारातले ठळक नमुने. आदिदासचा ‘सांबा’ (टोकाला स्वेड, बाकी गुळगुळीत चामडे), व्हॅन्सचा ‘ओल्ड स्कूल’ (स्वेड व कॅनव्हास) आणि न्यू बॅलन्सचा ‘५७४’ (स्वेड व जाळी) ही त्यांची जवळची भावंडे. ज्या खेळांसाठी हे बूट निघाले, त्या खेळांत ते आता क्वचित दिसतात. कामावर जाताना, फिरताना, प्रवासात, मित्रमंडळींत घालायचे बूट म्हणूनच ते विकत घेतले जातात.

या बुटांत जे आवडण्याजोगे आहे आणि जे सांभाळावे लागते, ते दोन्ही एकाच गोष्टीतून येते : स्वेडची लव. बूट निवडताना, कपड्यांशी जुळवताना आणि पुसून ठेवताना आधी लवेचा विचार करावा.

स्वेड म्हणजे काय

कमावलेल्या कातड्याला दोन बाजू असतात. केसांकडची बाहेरची बाजू घट्ट आणि गुळगुळीत, मांसाकडची आतली बाजू सैल तंतूंची. आतली बाजू घासून तिच्यावर बारीक लव उठवली की स्वेड तयार होते. बाहेरची बाजू घासली तर नूबक. ते दिसायला स्वेडसारखेच, पण त्याची लव आखूड आणि पोत अधिक घट्ट. स्वेड हा शब्द ‘स्वीडनचे हातमोजे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दप्रयोगातून आला. मऊ, लवदार कातड्याचे ते हातमोजे इतके नावाजले की देशाचेच नाव कातड्याला चिकटले.

ट्रेनरसाठी बहुधा गाईचे जाड कातडे आडवे चिरून त्याचा खालचा थर वापरतात. या थराला बाहेरची घट्ट त्वचा नसते. म्हणून तो पहिल्या दिवसापासून पायाबरोबर वाकतो, आणि म्हणूनच पाणी व तेलही लगेच शोषतो. डुकराचे स्वेड पातळ असते. नीट पाहिले तर त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यांत दिसतात. कातड्याविना बनलेले स्वेडही आहे. जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूंपासून ‘अल्ट्रास्वेड’ तयार केले. प्राणिज वस्तू टाळणाऱ्यांसाठी निघणारे आजचे लवदार ट्रेनर याच प्रकारच्या सूक्ष्म तंतूंचे असतात.

रंगाची गोष्ट मात्र थोडी थांबून समजून घ्यावी अशी आहे. गुळगुळीत चामड्यावर बहुधा रंगाचा आणि चकाकीचा पातळ लेप असतो. उजेड त्यावरून आरशासारखा परततो. स्वेडमध्ये रंग तंतूंत मुरलेला असतो आणि उजेड लवेत विखुरतो. त्यामुळे लाल किंवा हिरवा रंग गडद राहूनही डोळ्यांत खुपत नाही. चकचकीत चामड्याचा लाल बूट रोज घालायला धीर लागतो. लाल स्वेड जुन्या जीन्सखाली सहज खपून जातो. इतके ठसठशीत रंग रोजच्या पायांत येऊ शकले याचे श्रेय मी तरी या लवेलाच देईन.

मैदानापासून रस्त्यापर्यंत

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनाउराख या छोट्या गावात डासलर बंधूंचा बुटांचा कारखाना होता. भाऊ वेगळे झाले. रुडॉल्फने १९४८ मध्ये प्यूमा काढली, आडॉल्फने १९४९ मध्ये आदिदास. स्वेडच्या ट्रेनरचा पुढचा बराचसा इतिहास या दोन शेजारी कारखान्यांच्या चुरशीतून घडला. आदिदासचा ‘गॅझेल’ १९६६चा, सुरुवातीला लाल आणि निळ्या रंगांत. प्यूमाचा ‘स्वेड’ १९६८चा. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकन धावपटू टॉमी स्मिथ यांनी २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांत जिंकली आणि पदक घेताना काळ्या मोज्यांनिशी, अनवाणी उभे राहून मूठ उंचावली. कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य दाखवण्यासाठी बूट काढले होते. प्यूमाचा एक बूट त्यांनी चौथऱ्यावर ठेवला होता. बुटाचे इतके गंभीर छायाचित्र क्रीडाविश्वात दुसरे नसावे.

न्यू यॉर्क निक्स या बास्केटबॉल संघाचे वॉल्ट फ्रेझियर खेळाइतकेच कपड्यांसाठी प्रसिद्ध होते. ‘क्लाइड’ हे त्यांचे टोपणनाव. त्यांच्यासाठी १९७३ मध्ये प्यूमाने काढलेला ‘क्लाइड’ हा स्वेडचा बास्केटबॉलचा बूट. मैदानाबाहेर रुबाबात वावरणाऱ्या खेळाडूचे नाव बुटाला मिळाले आणि तो बूट खेळ न खेळणाऱ्यांनाही हवासा वाटू लागला. पुढच्या दशकात न्यू यॉर्कमधल्या ब्रेकडान्स करणाऱ्या मुलांनी हेच बूट उचलले. बारीक लेस ताणून, खळ लावून, इस्त्री करून ती पट्टीसारखी रुंद करत, आणि लव साफ ठेवायला जवळ दात घासायचा ब्रश बाळगत. हातात फारसा पैसा नसताना एकच जोड नव्यासारखा राखण्याची ती जिद्द होती. आजच्या महागड्या स्वेड ब्रशचे काम त्या ब्रशने चोख केले.

ब्रिटनमध्ये वाट निराळी. लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाने १९७७, १९७८ आणि १९८१ मध्ये युरोपियन कप जिंकला. सामन्यांसाठी युरोपभर फिरणारे पाठीराखे तिथले, घरी न मिळणारे ट्रेनर घेऊन परतू लागले. त्यातून ‘कॅज्युअल्स’ ही पेहरावाची एक धारा उभी राहिली. तिच्यात बुटाचा नेमका नमुना आणि नेमका रंग ओळखता येणे प्रतिष्ठेचे होते. १९९०च्या दशकात ब्रिटिश गिटार बँडांनी ‘गॅझेल’ मंचावर आणले. अमेरिकेत बीस्टी बॉइज या रॅप गटामुळे ‘कॅम्पस’ गाजला. २०२२च्या आसपास, जाडजूड तळाच्या बुटांना लोक कंटाळल्यावर, सपाट सांबा, गॅझेल आणि १९७९चा स्पेझिआल पुन्हा सगळीकडे दिसू लागले.

स्वेड वापरण्यामागे बऱ्याचदा साधी उपयुक्तता होती. व्हॅन्सच्या १९७७ मधल्या ‘ओल्ड स्कूल’मध्ये टोक आणि टाच स्वेडची केली, कारण स्केटबोर्डवर घासून कॅनव्हास फाटे. मधाच्या रंगाचा गम रबराचा तळही शोभेसाठी आला नव्हता. काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि तिचे ओरखडे लाकडी जमिनीवर उठतात. काजळीविना केलेले गम रबर खुणा न सोडता पकड देते. हँडबॉलसारख्या बंदिस्त मैदानातल्या खेळांना तेच हवे होते.

जोड निवडताना

दुकानात पहिल्यांदा बोट फिरवून पाहावे. चांगल्या स्वेडवर बोटाची रेघ गडद उमटते आणि उलट फिरवली की मिटते. रेघ उमटतच नसेल तर लव फार आखूड आहे किंवा तंतूंवर लेप चढवलेला आहे. दोन्ही बुटांची छटा उजेडात शेजारी धरून बघावी. कातड्याच्या वेगवेगळ्या भागांतून कापलेले तुकडे रंग वेगळा पितात. किंचित फरक स्वाभाविक आहे, पण एक बूट दुसऱ्यापेक्षा उघड फिका असेल तर तो जोड घेऊ नये.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा हवी. स्वेड वापराने रुंदीला सैलावते, लांबीला नाही. ‘पुढे वाढेल’ या आशेवर लांबीला तंग बूट घेणे म्हणजे बोटांना शिक्षा. गॅझेल, सांबा यांचा साचा अरुंद आहे. लेस बांधून वरून पाहिले की उत्तर मिळते : भोकांच्या दोन रांगा एकमेकींना टेकल्या तर बूट पायाला रुंद, आणि व्ही आकारात फाकल्या तर अरुंद. रुंद चवड्याच्या माणसाने अर्धे माप वर जाण्याआधी ‘५७४’सारखा ऐसपैस साचा घालून बघावा.

सपाट तळाच्या जोडात गादी बेताचीच असते. चालण्याला, दिवसभराच्या वावराला तो पुरतो, धावण्याला नाही. टाच दुखणाऱ्यांनी आतला पातळ तळवा बाहेर निघतो का हे आधी पाहावे, म्हणजे आपला आधाराचा तळवा घालता येईल. वाटीसारखा तळ कडेने शिवलेला असेल तर तो नुसत्या चिकटवलेल्या तळापेक्षा सहसा जास्त टिकतो.

जुने, दशकानुदशके खोक्यात राहिलेले जोड मोहात पाडतात. त्यांचा तळ गम रबराचा असेल तर फार तर कडक झालेला असतो. पॉलियुरेथेनच्या फेसाचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत जातो आणि पहिल्याच फेरीत भुगा होऊन पडतो. असा जोड संग्रहात ठेवावा. रोज घालायचा असेल तर आजची आवृत्तीच घ्यावी.

पहिल्या जोडाच्या रंगाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : करडा किंवा काळा हे बिनधोक रंग खरे, पण गडद निळा, बाटली हिरवा आणि तपकिरी हे रंग स्वेडवर सर्वांत खुलतात आणि रोजच्या कपड्यांशी तितकेच जमतात. फार फिके, वाळूच्या रंगाचे स्वेड देखणे असते. त्यावर नव्या गडद जीन्सची निळाई मात्र चढते आणि ती निघत नाही.

पेहराव

या बुटांचे रूप बारीक आणि जमिनीलगत आहे, त्यामुळे सगळा खेळ पँटच्या खालच्या कडेचा. घोट्याला घट्ट चिकटणारी पँट घातली की पाऊल लांबट आणि बूट एकाकी दिसतो. सरळ किंवा किंचित रुंद घेराची पँट, जिची कड बुटाच्या जिभेला जेमतेम टेकते, ती सर्वांत चांगली. फार रुंद पँट चालते, पण तिची लांबी टाचेखाली जाऊ देऊ नये. बूट झाकला जातो आणि कड मळते. कड लांब असेल तर एकदाच दुमडावी, दोन बोटे रुंद. गुडघ्याच्या वर संपणारी चड्डी, स्कर्ट किंवा साधा लांब झगा यांच्याखालीही हे बूट हलके वाटतात, कारण त्यांचा तळ जाड नाही.

लवेशी लव किंवा खरखरीत पोत जुळतो : कॉर्डरॉय, जाड सुती ट्विल, धुऊन मऊ झालेली जीन्स, लोकरीचा स्वेटर, चुणलेले लिनन. चकाकणाऱ्या कृत्रिम कापडाच्या ट्रॅकपँटबरोबर मात्र स्वेड मलूल दिसते. बुटाचा उगम खेळाचा असल्याने वरपासून खालपर्यंत खेळाचेच कपडे घालावेत असे अनेकांना वाटते. त्यात बुटाचा रंग हरवतो. साधा सुती शर्ट आणि गडद पँट यांत तो उठून दिसतो. बिनअस्तराच्या सैल कोटाखालीही चालतो. कडक इस्त्रीच्या औपचारिक सुटाखाली तो मला पटत नाही : सुटाच्या कापडाला चकाकी हवी असते आणि लव ती पिऊन टाकते.

रंग ठळक असेल तर बाकीचे कपडे शांत ठेवावेत, किंवा बुटाचा रंग आणखी एकाच ठिकाणी, गळ्याच्या रुमालात किंवा शर्टाच्या बारीक रेघेत येऊ द्यावा. तीन ठिकाणी आला की गणवेश वाटू लागतो. मोजे पांढरे, जाड विणीचे घातले तर जुन्या मैदानाची आठवण राहते. पँटच्या रंगाचे घातले तर पाय उंच भासतो. गडद स्वेड नवे असताना आतून रंग सोडते, म्हणून पहिल्या आठवड्यात आवडते पांढरे मोजे बाजूला ठेवावेत. लेस भोकांतून सपाट जावी, पिळलेली राहू नये.

निगा

नवा जोड घालण्याआधी पाणी रोखणारा फवारा हातभर अंतरावरून दोनदा मारावा, मध्ये पूर्ण वाळू द्यावे. रोज घरी आल्यावर रबरी किंवा मऊ पितळी तारांच्या ब्रशने धूळ काढणे पुरते. आधी एका दिशेने, मग लव उभी करायला उलट. चिखल ओला असताना हात लावू नये, वाळला की झटकून निघतो. तेलाच्या डागावर लगेच मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवावी. ती तेल ओढून घेते. पाण्याची कड उमटली असेल तर सगळा बूट किंचित ओलसर करून एकसारखा वाळवला की ती बहुधा मिटते. चपटी झालेली लव किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरून ब्रश फिरवला की उठते. भिजलेल्या बुटात छपाई नसलेला कागद कोंबून सावलीत वाळवावे. हीटर, केस वाळवण्याचे यंत्र किंवा कडक ऊन यांनी कातडे ताठरते आणि रंग उडतो. धुलाईयंत्रात हे बूट कधीही टाकू नयेत.

एकच जोड सलग दोन दिवस न घालणे कातड्याला मानवते, कारण घामाचा ओलावा निघून जायला साधारण २४ तास लागतात. बाजूला ठेवताना आत देवदाराचा साचा असेल तर घडी पडत नाही.

टोकाजवळ, जिथे पाय वाकतो आणि जिथे पँट घासते तिथे लव आधी झिजते. अगदी बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासून थोडी लव पुन्हा उठवता येते, पण तंतूच संपले की तो चकाकता ठिपका कायमचा. रंग विटला तर स्वेडसाठीच्या फवाऱ्याने तो परत गडद करता येतो. गडद जोड फिका मात्र करता येत नाही.