वर्ज्य मध्यम: औडव रागांची पार्श्वभूमी

भूप राग शिकणाऱ्याला पहिल्याच तालमीत सांगितले जाते की मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य. पाच स्वरांच्या, म्हणजे औडव, रागाची ओळख सातांतून दोन वजा करून देण्याची ही रीत फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात 84 ताना, म्हणजे स्वर गाळून केलेल्या स्वररचना, सांगितल्या असून त्यांतल्या 49 षाडव (सहा स्वरांच्या) आणि 35 औडव आहेत. औडवांचा हिशेब असा, की षड्जग्राम आणि मध्यमग्राम या दोन मूळ स्वरसप्तकांपैकी षड्जग्रामात षड्ज-पंचम, ऋषभ-पंचम आणि गांधार-निषाद या तीन, तर मध्यमग्रामात गांधार-निषाद आणि ऋषभ-धैवत या दोन जोड्या गाळायच्या. प्रत्येक ग्रामाच्या मूर्च्छना, म्हणजे त्याच्या एकेका स्वरापासून सुरू होणाऱ्या स्वरमालिका, सात, म्हणून 21 आणि 14 मिळून 35. या यादीत षड्जसुद्धा गळतो, मध्यम मात्र एकदाही नाही. मध्यमाचा लोप कधीही करू नये, असे भरत स्पष्टच बजावतो.

13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या संगीतरत्नाकरात शार्ङ्गदेवाने ही व्यवस्था पुन्हा नोंदवली. पुढे मूर्च्छना मागे पडल्या, सारे स्वर एकाच स्थिर षड्जापासून मोजले जाऊ लागले आणि 1550च्या स्वरमेलकलानिधी या ग्रंथात रागांची वाटणी मेलांनुसार, म्हणजे सात स्वरांच्या ठरावीक साच्यांनुसार, झालेली दिसते. षड्ज अढळ झाला आणि मध्यमाचे अभय गेले.

ते पुरते गेले नाही. पंडित भातखंडे यांच्या गणिताप्रमाणे षड्ज राखून एका थाटातले (थाट म्हणजे मेलासारखाच सात स्वरांचा साचा) दोन स्वर गाळण्याचे प्रकार 15 होतात. पण मध्यम आणि पंचम एकदम वर्ज्य करू नयेत, या नियमाने त्यांतला एक बाद ठरतो. त्याच पद्धतीत भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात घातला आहे. या दोन थाटांत फरक आहे तो फक्त मध्यमाचा, एकात तीव्र आणि दुसऱ्यात शुद्ध, आणि मध्यम तर दोन्ही रागांत नाहीच! थाटपद्धतीची मर्यादा इथे जितकी उघड होते तितकी क्वचितच होत असेल. प्रत्यक्षात हे राग वेगळे होतात ते चलनाने, म्हणजे स्वरांच्या चालीने: भूप गांधारावर विसावतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, तर सकाळचा देशकार धैवत धरून उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात, खेळतो आणि ऋषभाला जेमतेम स्पर्श करतो.

मूर्च्छनांचे जुने तत्त्व मात्र औडव रागांतच सर्वांत स्वच्छ तपासता येते. भूपाच्या ऋषभाला षड्ज मानले की मेघाचे स्वर मिळतात, पंचमाला मानले की दुर्गेचे आणि धैवताला मानले की धानीचे. गांधाराला षड्ज मानले तर मालकंस उभा राहतो, आणि भूपाचा धैवत तिथे मध्यम होतो, तोही वादी, म्हणजे रागातला प्रमुख स्वर.