डब्लेट

डब्लेट : दुपदरी किंवा जोडीने येणाऱ्या गोष्टींना लावला जाणारा इंग्रजी शब्द. मुळात तो जुन्या फ्रेंच भाषेतला. 'डबल'ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून तो तयार झाला. त्याच्याही मागे 'दुप्पट' या अर्थाचा लॅटिन 'दुप्लुस' आहे. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला, तो एका कपड्याचे नाव म्हणून. पुढे भाषाविज्ञान, रत्नपारख, प्रकाशशास्त्र अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या क्षेत्रांनी तो उचलला. जुळ्यांसाठीच्या 'ट्विन' या शब्दात दोघांची बरोबरी गृहीत असते. डब्लेटमधली दोन अंगे मात्र सहसा तोलामोलाची नसतात, आणि या शब्दाची खरी गंमत तिथेच आहे.

पेहरावातले डब्लेट म्हणजे पुरुषांचे अंगाबरोबर बसणारे, अस्तर आणि भरण असलेले जाकीट. कापडाच्या दोन थरांमध्ये लोकर किंवा कापूस घालून ते टाचत. सुरुवातीला त्याची जागा चिलखताच्या आत होती : लोखंड अंगाला घासू नये आणि घावाचा धक्का मुरावा, एवढेच त्याचे काम. पंधराव्या शतकापासून ते युरोपभर वरचा कपडा म्हणून मिरवू लागले. पायांतल्या तंग विजारी त्याच्या कडेला दोऱ्यांनी बांधाव्या लागत, बाह्याही पुष्कळदा वेगळ्या असून अशाच दोऱ्यांनी जोडत. बाराबंदीचे बंद बांधणाऱ्यालाही हा खटाटोप जड वाटला असता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात डब्लेटचा पुढचा भाग वाटाण्याच्या शेंगेसारखा फुगवून पोटावर लोंबता ठेवण्याची टूम निघाली. फिलिप स्टब्स या कर्मठ लेखकाने १५८३ मध्ये तिच्यावर कोरडे ओढले. चार-पाच-सहा पौंड भरण कोंबलेल्या या कपड्यात माणसाला धड वाकताही येत नाही, असे त्याचे म्हणणे. त्या भरणाच्या कापसाला 'बॉम्बास्ट' म्हणत. आज इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ पोकळ, फुगवलेली भाषा असा आहे. ऑक्टोबर १६६६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने लांब वेस्ट आणि त्यावर कोट असा नवा दरबारी वेश स्वीकारला आणि आधीच मागे पडत चाललेल्या डब्लेटचे दिवस भरले. स्कॉटिश हायलंड पोशाखात मात्र हे नाव अजून टिकून आहे.

भाषाविज्ञानात डब्लेट म्हणजे एकाच मूळ शब्दापासून निघून वेगवेगळ्या वाटांनी एकाच भाषेत पोचलेले दोन शब्द. ऑग्यूस्त ब्राशे या फ्रेंच भाषाभ्यासकाने १८६८ मध्ये फ्रेंचमधल्या अशा जोड्यांचा स्वतंत्र कोशच काढला. इंग्रजीत तर त्यांचा सुकाळ आहे, कारण या भाषेवर नॉर्स, नॉर्मन, पॅरिसची फ्रेंच आणि लॅटिन असे थर एकावर एक चढले. 'शर्ट' हा जुन्या इंग्रजीचा वारसा, तर 'स्कर्ट' व्हायकिंगांच्या नॉर्समधून आलेला. मूळ कपडा एकच. 'वॉरंटी' नॉर्मन बोलीतून आली, 'गॅरंटी' मध्य फ्रान्सच्या बोलीतून. 'चीफ' आणि 'शेफ' हे दोन्ही फ्रेंचच, पण त्यांच्या येण्यात काही शतकांचे अंतर आहे आणि तेवढ्यात फ्रेंच उच्चार बदलला होता. 'डिश', 'डेस्क' आणि 'डिस्क' हे तिघेही एकाच ग्रीक थाळीतून जेवलेले.

मराठी व्याकरणात तत्सम आणि तद्भव अशी जी विभागणी शिकवली जाते, तिच्यातून असेच डब्लेट मिळतात. क्षेत्र आणि शेत, चक्र आणि चाक ही साधी उदाहरणे झाली. अर्थ फाकतो तेव्हा खरी मजा येते. 'गर्भिणी' म्हटले की स्त्री. तिचाच तद्भव 'गाभण' गाई-म्हशींपुरता उरला. क्षीर म्हणजे दूध, खीर म्हणजे पक्वान्न. संस्कृत 'भक्त'चा एक अर्थ अन्न असा होता, त्यातून 'भात' आला. देवाचा भक्त तसाच सोवळ्यात राहिला. पंडिती शब्द वरच्या पंक्तीला आणि घरचा शब्द चुलीपाशी, ही वाटणी बहुतेक वेळा ठरलेली. उसन्या शब्दांतही हे घडते. 'इस्पितळ' पोर्तुगिजांकडून आले, 'हॉस्पिटल' इंग्रजांकडून. 'हॉटेल' आणि 'हॉस्टेल' यांचे मूळही 'हॉस्पिटल'च्याच लॅटिन शब्दात, पाहुण्याच्या सोयीत, आहे. याउलट केवळ रूप सारखे असून भागत नाही. 'कामकाज'मधला काज संस्कृत 'कार्य'वरून आला आणि शर्टाचे काज पोर्तुगीज 'काझा'वरून, म्हणून हे डब्लेट नव्हेत.

कायद्याच्या इंग्रजीत डब्लेट म्हणजे एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी लिहिण्याची रीत : 'विल अँड टेस्टमेंट' (मृत्युपत्र), 'नल अँड व्हॉइड' (रद्दबातल). यांपैकी 'विल' देशी, तर 'टेस्टमेंट' लॅटिन. मराठीत फारसी-अरबी शब्दाला संस्कृत शब्द जोडून झालेले कागदपत्र आणि धनदौलत याच चालीचे.

जवाहिऱ्यांच्या व्यवहारात डब्लेट म्हणजे दोन तुकडे चिकटवून एक भासवलेला खडा. कृत्रिम माणके बाजारात येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, काचेवर तामड्याची (गार्नेटची) पातळ चकती वितळवून बसवलेले खडे भरपूर खपत. खडा पालथा करून पांढऱ्या कागदावर ठेवला की कडेभोवती लालसर वर्तुळ दिसते, ही त्यांची जुनी ओळख. ओपलची पातळ कापटी काळ्या पाठीवर चिकटवणे अजूनही सर्रास चालते. गिऱ्हाइकाला तसे सांगितले असेल तर त्यात फसवणूक नाही.

प्रकाशशास्त्रातले डब्लेट हे दोन वेगळ्या काचांच्या भिंगांची जोडी असते. एकट्या भिंगातून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी केंद्रित होतात आणि प्रतिमेला रंगीत कडा येतात. क्राउन काचेचे बहिर्गोल भिंग आणि फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडल्यास हा दोष बराच आटोक्यात येतो. १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाला हे उमगले. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगे दोन वेगळ्या कारागिरांना सांगितली, पण दोघांनीही ते काम जॉर्ज बास या एकाच माणसाकडे दिले, अशी हकीकत सांगितली जाते. पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंड हा भिंगांचा कारागीर घेऊन गेला.

वर्णपटात अगदी जवळजवळ पडणाऱ्या दोन रेषांनाही डब्लेट म्हणतात. सोडियमच्या पिवळ्या उजेडातल्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या रेषा सर्वांत परिचित. त्यांतली पहिली दुसरीच्या सुमारे दुप्पट तेजस्वी असते. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेल्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या कल्पनेने अशा जोड्यांचा उलगडा झाला. बायबलच्या अभ्यासात एकच प्रसंग दोनदा आला की तोही डब्लेट. मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात पाच हजारांना आणि आठव्यात चार हजारांना जेवू घातल्याची कथा येते.

दोन्ही फाशांवर सारखेच दान पडणे यालाही डब्लेट म्हणतात आणि तेवढ्यापुरती बरोबरी पूर्ण असते. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरल याने १८७९ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात याच नावाचे शब्दकोडे सुरू केले : सारख्या लांबीचे दोन शब्द द्यायचे आणि दर पायरीला एकच अक्षर बदलून, मधला प्रत्येक शब्द खरा ठेवून, एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचे.