कॅप्टन कुकचं म्हणून ओळखलं जाणारं कापडाचं पुस्तक

‘इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरच्या विणलेल्या कापडांचे तुकडे चिकटवून हे पुस्तक केलं’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

कुक १७७९ साली हवाईत मारला गेला. पुस्तक निघालं १७८७ साली, लंडनमध्ये, आणि ते काढलं अलेक्झांडर शॉने. कुकच्या तीन सफरींतून आलेले कापडाचे तागे कापून त्याने प्रतींमध्ये वाटले. म्हणूनच कोणतीही प्रत दुसरीसारखी नाही. तुकडे वेगळे, त्यांची संख्याही वेगळी.

दुसरी चूक मला जास्त खटकते. हे कापड, म्हणजे तापा, विणलेलं नाहीच. त्यात धागाच नसतो. कागदी तुतीची आतली साल सोलून भिजवायची, लाकडी ओंडक्यावर ठेवायची आणि खाचा पाडलेल्या लाकडी थापीने बडवत रुंद करायची. तुकडा उजेडासमोर धरला की बारीक समांतर रेघा दिसतात, त्यांनाच लोक वीण समजतात. त्या थापीच्या खाचांचे ठसे आहेत. आपल्या कथांमधली वल्कलं आठवा, तापा त्याच जातीचा.

बहुतेक बेटांवर हे बडवण्याचं काम बायकांचं. पुस्तकावर मात्र नाव कुकचं, आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाही.