विद्यार्थी सादरीकरणातील स्लाइड-रचना

सेमिनार, प्रकल्प-आढावा, शोधनिबंध-वाचन किंवा तोंडी परीक्षा अशा प्रसंगी विद्यार्थी आपला अभ्यास मांडतो, तेव्हा बोलण्याला जोड म्हणून पडद्यावर दाखवायच्या स्लाइडांची आखणी. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अशा स्लाइडसंचाला सरसकट ‘पीपीटी’ म्हणतात, मग तो पॉवरपॉइंटमध्ये केलेला असो, गूगल स्लाइड्समध्ये किंवा लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये. मजकुराची निवड, अक्षरांचा आकार, आलेख, चित्रे, रंग आणि स्लाइडांचा क्रम हे सारे या आखणीत येते. त्यात सर्वांत मोलाचा निर्णय एकच असतो, तो म्हणजे काय बोलायचे आणि काय दाखवायचे. तो नीट घेतला की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. तो न घेता रंगसंगती आणि अ‍ॅनिमेशनवर घालवलेली रात्र वाया जाते.

पूर्वपीठिका

पडद्यावर चित्र आणि शेजारी बोलणारा माणूस ही जोडी संगणकाहून बरीच जुनी आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पडत आणि कथा निवेदक सांगे. पुढे वर्गांत 35 मिलिमीटर फिल्मच्या स्लाइडा आल्या आणि ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरही आला. ओएचपीसाठी पारदर्शक शीटवर मार्करने लिहावे लागे. शीट विकत घ्यायची आणि हाताने लिहायची, म्हणून तिच्यावर सहसा मोजकाच मजकूर येई.

फोरथॉट या अमेरिकी कंपनीने एप्रिल 1987 मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट बाजारात आणले. मूळ कल्पना रॉबर्ट गॅस्किन्स यांची होती आणि प्रोग्रॅम घडवण्यात डेनिस ऑस्टिन यांचा मोठा वाटा होता. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती आणि तिचा मुख्य उपयोग ओएचपीच्या शीट छापून घेण्यासाठी होई. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरना विकत घेतली. विंडोजसाठीची आवृत्ती 1990 मध्ये आली. पुढे प्रोजेक्टर वर्गावर्गांत पोचले, शीटचा खर्च संपला आणि मजकुरावरचा लगामही सुटला. वहीतला परिच्छेद उचलून स्लाइडवर चिकटवणे दोन कळांचे काम झाले.

एका स्लाइडचे उदाहरण

मजकुराने भरलेली स्लाइड किती दिशाभूल करू शकते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण कोलंबिया अवकाशयानाच्या अपघाताशी जोडलेले आहे. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच नुकसानीचा अंदाज अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडांवर मांडला. त्यांपैकी एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्यांच्या माहितीवरून काढलेले अंदाज सुरक्षित बाजूकडे झुकलेले आहेत, असा त्याचा आशय होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि उपमुद्द्यांचे उपमुद्दे होते. खरी धोक्याची गोष्ट अगदी तळाच्या ओळींत होती. चाचण्यांत वापरलेला फोमचा तुकडा 3 घन इंचांचा होता आणि आदळलेला तुकडा 1920 घन इंचांचा असावा असा अंदाज होता. म्हणजे तो 640 पट मोठा होता आणि केलेल्या चाचण्या त्याला लागूच पडत नव्हत्या.

1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आलेखविद्येचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची ओळ न् ओळ तपासली. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द तिच्यावर पाच वेळा आला होता आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या विश्लेषणाची दखल घेतली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडांवर विसंबण्याच्या नासातील प्रथेवर टीका केली. अपघाताची कारणे अनेक होती, त्याचे खापर एका स्लाइडवर फोडता येणार नाही. पण शीर्षक एक सांगते आणि तळाची ओळ दुसरेच, ही चूक महाविद्यालयीन सादरीकरणांत रोज दिसते आणि म्हणून हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे.

शीर्षकात विधान

बहुतेक पीपीटींत ‘प्रस्तावना’, ‘कार्यपद्धती’, ‘निरीक्षणे’, ‘निष्कर्ष’ अशी शीर्षके असतात. ती कप्प्यांची नावे आहेत, त्यांतून श्रोत्याला काहीही कळत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील मायकेल अ‍ॅली यांनी याला पर्याय म्हणून वेगळी रीत पुरस्कारली. स्लाइडच्या माथ्यावर एक पूर्ण वाक्य लिहायचे आणि खालची जागा त्या वाक्याच्या पुराव्याला द्यायची. पुरावा म्हणजे आलेख, छायाचित्र, नकाशा, आकृती किंवा समीकरण.

समजा, एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील विहिरींच्या पाणीपातळीची वर्षभर नोंद ठेवली आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘निरीक्षणे’ या शीर्षकाखाली सात मुद्दे आणि बारा महिन्यांचे कोष्टक आहे. हीच स्लाइड पुन्हा करताना माथ्यावर ‘उथळ विहिरी फेब्रुवारीतच आटतात, खोल विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी राहते’ हे वाक्य येते आणि खाली दोन रेषांचा एकच आलेख येतो. उभ्या अक्षावर जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली वरून खाली वाढत जाणारी दाखवली, तर पाणी उतरले की रेषाही उतरते आणि आलेख समजावून सांगावा लागत नाही. भूजलाचे आलेख असेच काढण्याची पद्धत आहे. विहिरींची निवड कशी केली, मोजमाप कोणत्या दिवशी घेतले, एका महिन्याची नोंद का राहिली, हे ती तोंडी सांगते. कोष्टक फेकून द्यायचे नाही, ते अहवालात जाते.

असे विधान लिहिता येत नसेल, तर त्या स्लाइडवर काय सांगायचे हे अजून ठरलेले नाही असे समजावे. सर्व स्लाइडांची शीर्षके एकाखाली एक वाचली असता संपूर्ण सादरीकरणाचा युक्तिवाद लागला पाहिजे. गाइडला दाखवण्याआधी करण्याजोगी याहून चांगली तपासणी नाही.

वाचणे आणि ऐकणे

माणूस चित्र पाहता पाहता बोलणे ऐकू शकतो. पण एक वाक्य वाचताना दुसरे ऐकणे त्याला जड जाते, कारण दोन्ही कामांना भाषेचीच शक्ती लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी याविषयी दीर्घकाळ प्रयोग केले. चित्रासोबत निवेदन ऐकवले आणि वर तेच निवेदन अक्षरांतही दाखवले, तर शिकणे अनेकदा सुधारण्याऐवजी बिघडते, असे त्यांना आढळले. विषयाशी संबंध नसलेली रंजक चित्रेही अशीच आड येतात. म्हणून पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचून दाखवणारा विद्यार्थी श्रोत्यांना एकाच वेळी दोन्ही कामांना जुंपतो. तो हे बहुधा विसरण्याच्या भीतीने करतो. त्या भीतीवर उपाय म्हणजे मुद्दे प्रेझेंटर व्ह्यूमधील टिपणांत लिहिणे. ती वक्त्याच्या लॅपटॉपवर दिसतात, पडद्यावर येत नाहीत.

एका स्लाइडवर सहा ओळी आणि ओळीत सहा शब्द, असा एक नियम सर्रास सांगितला जातो. त्याने मजकूर आटोक्यात येतो, पण स्लाइड मुद्द्यांची यादीच राहते. अमेरिकी लेखक व गुंतवणूकदार गाय कावासाकी यांचा 10 स्लाइडा, 20 मिनिटे, 30 पॉइंटची अक्षरे हा नियम गुंतवणूकदारांपुढील मांडणीसाठी होता. त्यातला अक्षरांच्या आकाराचा भाग मात्र वर्गालाही लागू पडतो.

अक्षरे आणि देवनागरी

नेहमीच्या 16:9 स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे 540 पॉइंट असते. वर्गातला पडदा 4 फूट उंच धरला, तर 28 पॉइंटचा मजकूर त्यावर सुमारे अडीच इंच उंचीची जागा घेतो आणि 12 पॉइंटचा जेमतेम एक इंच. शेवटच्या बाकावरून दुसरा वाचता येत नाही. मुख्य मजकूर 24 पॉइंटच्या खाली नेऊ नये. आलेखाच्या अक्षांवरची अक्षरे 18 च्या खाली जाऊ देऊ नयेत. एक्सेलमधून थेट चिकटवलेल्या आलेखात ती हमखास याहून लहान असतात आणि विद्यार्थी ती मोठी करायला विसरतात.

मराठी स्लाइडांचे प्रश्न थोडे निराळे आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांची उत्तरे सापडत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार आणि ऋकार येतात. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडतो. म्हणून ओळींमधील अंतर रोमन मजकुरापेक्षा सढळ ठेवावे. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, त्याने शिरोरेषा तुटते. देवनागरीत मोठ्या लिपीची वेगळी अक्षरे नाहीत आणि तिरपा ठसाही तिच्या वळणाचा नाही, त्यामुळे जोर द्यायचा शब्द ठळक करणे हाच सरळ मार्ग उरतो.

फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला संकेत असतो असा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. परीक्षकांसमोर हे घडले की विद्यार्थ्याचा धीर पहिल्याच मिनिटाला सुटतो. निर्मला, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट पडद्यावर स्वच्छ दिसतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे अनेक फॉन्टांत मिळत नाहीत, हिंदी वळणेच येतात. भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याने निदान शीर्षकासाठी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट वापरून पाहावा, त्यात ती वळणे आहेत.

आलेख, रंग आणि हालचाल

त्रिमितीय स्तंभालेख टाळावेत. तिरक्या कोनामुळे मागचे स्तंभ झाकले जातात आणि उंची अचूक वाचता येत नाही. रेषांची नावे बाजूच्या चौकटीत देण्याऐवजी रेषेच्या टोकाशीच लिहावीत, म्हणजे नजरेला हेलपाटे पडत नाहीत. लाल-हिरव्यातला फरक काही जणांना, विशेषतः पुरुषांत, दिसत नाही. म्हणून केवळ त्या दोन रंगांवर अर्थ सोपवू नये. संकेतस्थळांसाठीच्या सुलभता-मानकांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुराला किमान 4.5:1 आणि मोठ्या मजकुराला 3:1 सांगितले आहे. स्लाइडांसाठीही तो आकडा उपयोगी आहे, मात्र खिडक्यांना पडदे नसलेल्या उजेडाच्या वर्गात आणि जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरवर तेवढ्याने भागत नाही. तेथे पांढऱ्यावर काळे हेच सर्वांत खात्रीचे. अ‍ॅनिमेशनचा खरा उपयोग एकच आहे, तो म्हणजे गुंतागुंतीची आकृती बोलण्याच्या ओघात टप्प्याटप्प्याने उघडत नेणे.

क्रम आणि प्रत्यक्ष सादरीकरण

दहा मिनिटांच्या सेमिनारमध्ये अनुक्रमणिकेची स्लाइड अनावश्यक असते. वेळ विषयाचा प्रश्न मांडण्यात घालवावा. शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइड लावण्याचा रिवाज आहे. आभार तोंडाने मानावेत आणि प्रश्नोत्तरे चालू असताना पडद्यावर निष्कर्षाची स्लाइड राहू द्यावी, कारण प्रश्न तिच्यावरूनच निघतात.

फाइलची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी. तीत फॉन्ट समाविष्ट राहतात, त्यामुळे वर्गातल्या संगणकावर मांडणी विस्कटत नाही. अ‍ॅनिमेशन मात्र त्यात चालत नाही. काही प्रोजेक्टर अजून 4:3 प्रमाणाचे असतात. त्यांवर 16:9 ची स्लाइड वर-खाली काळे पट्टे सोडून लहान होऊन पडते, म्हणून आदल्या दिवशी त्याच खोलीत एकदा लावून पाहणे बरे. स्लाइड-शो चालू असताना ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि वर्गाचे लक्ष बोलणाऱ्याकडे येते. तोंडी परीक्षेसाठी निष्कर्षानंतर कच्ची कोष्टके, समीकरणांच्या पायऱ्या आणि जास्तीचे आलेख यांच्या राखीव स्लाइडा जोडाव्यात आणि त्यांचे क्रमांक वहीत टिपून ठेवावेत. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, नेमका त्या तपशिलाचा प्रश्न विचारला, की पॉवरपॉइंटमध्ये तो क्रमांक टाइप करून एंटर दाबले असता थेट ती स्लाइड उघडते.