ठशांची छपाई मुघलांच्याही आधीची

'कापडावर ठशांनी छपाई करण्याची कला मुघलांनी इराणातून भारतात आणली' असा मजकूर अनेक वर्षं फिरतो आहे. तो पटण्याजोगा वाटतो, कारण फुलझाडांच्या नाजूक नक्षीवर मुघलकाळाची छाप खरोखरच आहे. पण नक्षी वेगळी आणि तंत्र वेगळं.

आधी सनावळी बघू. मुघल सत्ता सुरू झाली 1526 मध्ये. इजिप्तमध्ये जुन्या कैरोतल्या फुस्तात इथे मात्र ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे शेकडो तुकडे सापडले आहेत. कार्बन चाचणीत त्यांतले काही 1526 च्या कित्येक शतकं आधीचे ठरले.

मग ते इजिप्तमध्येच छापले असतील का? इथे सूतच साक्ष देतं, आणि मला हा पुरावा फार आवडतो. धागा उभा धरून भिंगातून पाहा. इजिप्तमधल्या जवसाच्या धाग्याचा पीळ सहसा डावीकडून उजवीकडे उतरत जातो. भारतीय सुताचा त्याच दिशेने वर चढतो. फुस्तातचे छापील तुकडे या दुसऱ्या प्रकारचे आहेत. तुरटीचा ठसा मारून लाल रंग पक्का करायचा, नको तिथे निळीला अडवायचं, ही रीतही गुजरातची. काही तुकड्यांवर हंसांच्या ओळी आहेत. तसेच हंस गुजरातच्या जैन पोथ्यांतही दिसतात.

हा माल गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्रामार्गे जाई. अरबी वळणाची नक्षी असलेलं कापडही इथले छिपे, म्हणजे कापड छापणारे कारागीर, तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी छापत.

संग्रहालयांनी या तुकड्यांची छायाचित्रं इंटरनेटवर ठेवली आहेत. सोबतच्या नोंदीत काळ आणि सुताचा पीळ दिलाय का, ते आधी पाहा.